माशांच्या आधी पाणी



गेल्या बैठकीत दिवाळीच्या आनंदमेळ्याचे स्टॉल ठरत होते. भेळ, बटाटेवडे, मेंदी, हौजी अशी यादी वाचत चिटणीस पाचव्या ओळीवर आले : "रिंग टाका, मासा जिंका." खजिनदार काका म्हणाले, "गेल्या वर्षी सगळ्यांत मोठी रांग याच स्टॉलला होती. हा तर हवाच." माना डोलल्या. आम्ही हात वर केला आणि म्हटलं, "हा स्टॉल नको." सगळे आमच्याकडे बघायला लागले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. गेल्या वर्षी ही कल्पना काढली आम्ही, पुठ्ठ्याच्या रिंगा कापल्या आम्ही, आणि सोनेरी मासे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून हॉलवर आणले तेही आम्हीच. वडे गार होत होते, हॉलची चावी साडेनऊला परत द्यायची होती. "तुमचं काय म्हणणं आहे ते वार्तापत्रात लिहा, पुढच्या बैठकीत मत घेऊ," असं अध्यक्षांनी सांगितलं आणि आम्ही वड्यांकडे वळलो. म्हणून हा लेख.

आधी कबुलीजबाब. स्वयंसेवकांच्या मुलांनी बक्षिसाच्या खेळांत भाग घ्यायचा नाही, असा नियम गेल्या वर्षी आम्हीच केला होता. त्यामुळे आमच्या सहा वर्षांच्या लेकीने दिवसभर स्टॉलवर पिशव्या मोजून दिल्या आणि संध्याकाळी परतताना गाडीत भोकाड पसरलं. पुढच्या शनिवारी आम्ही दुकानातून ६० लिटरची टाकी, फिल्टर, हीटर, निळे खडे, प्लॅस्टिकचं एक झाड आणि सहा निऑन टेट्रा मासे घेऊन आलो. दुपारी टाकी भरली, संध्याकाळी मासे सोडले. दिवाळी नुकतीच झाली होती, तेव्हा नावं पडली लाडू, चकली, करंजी, शेव, चिवडा आणि अनारसा. सहाही मासे हुबेहूब एकसारखे, पण चकली कुठली आणि शेव कुठली हे लेकीला बरोब्बर कळायचं. निदान तिचं तसं म्हणणं होतं.

चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन धापा टाकायला लागले. आम्ही बाटलीत पाणी घेऊन दुकानात गेलो. तिथल्या मुलाने त्यात थेंब टाकले, पाणी निळं झालं. म्हणाला, पीएच फार वर आहे, टेट्राला साडेसहा लागतो, ही बाटली घेऊन जा. बाटलीत पीएच खाली आणणारं औषध होतं, म्हणजे पातळ केलेलं आम्ल. सांगायला लाज वाटते, पण रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतलेल्या माणसाने त्या पोराला एकही प्रश्न विचारला नाही. नोकरीत आम्ही दिवसभर पाण्याचा पीएच मोजतो. ते सगळं ज्ञान बहुधा संध्याकाळी पांढऱ्या कोटाबरोबर तिथेच खुंटीला टांगून येतो. घरात तेव्हापासून ऐकतो आहोत, की पीएच.डी. जमली, नुसता पीएच काही जमला नाही.

रोज रात्री थेंब टाकायचे. तासाभरात पीएच सातच्या खाली यायचा, सकाळी पाहावं तर परत साडेसातच्या वर. रात्री पुन्हा थेंब. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी सकाळी लेक शाळेचा गणवेश घालून खाली आली तेव्हा चार मासे तळाशी आडवे होते. चाचणीचे थेंब टाकले तर पाणी लिंबासारखं पिवळं. त्यातलं थोडं पाणी आम्ही जॅमच्या रिकाम्या बरणीत भरून घेतलं आणि घाबरून अर्धी टाकी उपसली. नळाचं पाणी घेतलं, त्यात क्लोरीन मारण्याचं औषध घातलं, टाकी पुन्हा भरली. करंजी आणि अनारसा तेवढे जिवंत होते. ते अर्ध्या तासात गेले.

मागच्या अंगणात गुलाबाखाली पुरले. लेक रडली नाही. रात्री पांघरूण घेताना तिने विचारलं, "मी रविवारी काच पुसली ना, म्हणून मेले का?"

हा प्रश्न वर्षभर आमच्या मनातून गेलेला नाही. काच पुसल्याने मासे मरत नाहीत, हे तिला तिथल्या तिथे सांगितलं. पण कशाने मेले हे त्या रात्री आम्हाला सांगता आलं नाही, आणि ज्याचं उत्तर मिळत नाही तो दोष मूल स्वतःकडे घेतं.

आणखी एक गोष्ट राहिली. त्याच पंधरवड्यात मेळ्यातले मासे जिंकलेल्या घरांतून फोन येत होते. "अहो, तुम्ही केमिस्ट ना? मासा वर येऊन तोंड उघडतोय, पाण्यात काय घालू?" आम्ही नऊ दिवसांच्या त्या खेळात अगदी रंगलेले. मोठ्या आत्मविश्वासाने आमच्याच बाटलीचं नाव सांगितलं. एका वहिनींना दुकान लांब पडत होतं, त्यांनी बाटलीऐवजी लिंबू पिळलं. ज्या चार घरांना आम्ही हा सल्ला दिला त्यांची इथे जाहीर माफी मागतो. एका घरात तर धाकट्याला कळू नये म्हणून गुपचूप दुसरा मासा आणून ठेवला होता. धाकट्याने दुसऱ्याच दिवशी विचारलं, याच्या शेपटीवरचा पांढरा ठिपका कुठे गेला?

आता झालं काय, ते पाहू. सुरुवात डाळीपासून करावी लागेल.

आपल्यापैकी ज्यांचं आजोळ विहिरीच्या गावात होतं त्यांना "जड पाणी" हा शब्द ठाऊक आहे. जड पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि आजी आधणात चिमूटभर सोडा टाकते. लंडनचं पाणी हे त्या विहिरीचं सख्खं भावंड आहे. इथल्या जमिनीखाली आणि चिल्टर्न टेकड्यांत खडू आहे, शाळेत फळ्यावर लिहायचा म्हणतो तसलाच, क्रिटेशियस काळात समुद्राच्या तळाशी साठलेला. त्याच काळाच्या अखेरीस, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता. म्हणजे सह्याद्री काळ्या बसाल्टचा, आणि आपण येऊन राहिलो ते पांढऱ्या खडूवर. पावसाचं पाणी खडूतून झिरपतं, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट बरोबर घेऊन येतं, आणि आपल्या केटलमध्ये पांढरा थर म्हणून बसतं. आमच्या नळाची क्षारता आम्ही नंतर मोजली. दुकानी संचाच्या मापात ती १३ अंश भरली, म्हणजे लिटरमागे सुमारे २३० मिलिग्रॅम.

पीएच, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला सामू. सोरेन्सेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हे माप काढलं. ती प्रयोगशाळा बिअर बनवणाऱ्यांची होती, हे आम्ही उगीच सांगत नाही : माप निघालं तेच मुळी सजीवांच्या सोयीसाठी. या मापात एक अंक म्हणजे दहा पट. ७ वरून ८ वर जाणं म्हणजे थोडंसं सरकणं नव्हे. हे एक ध्यानात ठेवावं, आणि दुसरं हे की पीएच स्वतःच्या पायावर उभा नसतो. त्याला धरून ठेवते ती पाण्याची क्षारता, म्हणजे मुख्यतः ते बायकार्बोनेट.

ढोकळ्याच्या पिठात लिंबू आणि सोडा घातला की पीठ कसं फसफसतं, तेच आम्ही टाकीत करत होतो. आम्ल पडलं की बायकार्बोनेट ते गिळून टाकतं आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. हा वायू पाण्यात असेपर्यंत पीएच खाली दिसतो. रात्रभर फिल्टरचं पाणी खळखळत राहिलं, वायू हवेत गेला, की पीएच पुन्हा वर. आम्हाला वाटायचं औषध कमी पडतंय. प्रत्यक्षात रोज रात्री ढालीचा एकेक पापुद्रा निघत होता, आणि वर माशांना एकदम वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडची घुसमट सोसावी लागत होती. नवव्या रात्री १३ अंशांतलं काही शिल्लक राहिलं नाही. तेवढेच थेंब, नेहमीसारखेच मोजून टाकले, आणि या वेळी त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. जॅमच्या बरणीतलं पाणी मीटरवर ५.४ निघालं.

लिंबाची गोष्ट आणखी वेगळी आहे. लिंबातलं सायट्रिक आम्ल पाण्यातले जिवाणू खाऊन टाकतात, खाताना प्राणवायू वापरतात, आणि पीएच जिथे होता तिथे परत येतो. वहिनींनी केलं त्याचा परिणाम आमच्या बाटलीपेक्षा कमीच झाला असावा, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं.

पण मुळात मासे धापा टाकत होते ते पीएचमुळे नव्हेच. दुकानातल्या मुलाने मोजला नाही आणि आम्हीही मोजला नाही तो अमोनिया. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, उरलेलं अन्न कुजतं त्याचाही अमोनियाच होतो, आणि सहा वर्षांच्या मुलीची खाऊ घालायची हौस काय असते ते आपल्याला माहीत आहे. नव्या कोऱ्या टाकीत हा अमोनिया संपवायला कोणी नसतं. बरणीतल्या पाण्यात तो लिटरमागे ४ मिलिग्रॅम निघाला. चांगल्या टाकीत तो शून्य असायला हवा.

इथे पीएच आणि अमोनियाचं जे नातं आहे ते आमच्या मते प्रत्येक टाकीवाल्याला तोंडपाठ असावं. पाण्यात अमोनिया दोन रूपांत राहतो. एक अमोनियम, तुलनेने निरुपद्रवी. दुसरा मोकळा अमोनिया, तो कल्ले जाळतो. कुठला किती हे पीएच ठरवतो. २५ अंश तापमानाला, पीएच ७ असेल तर दोनशेतला साधारण एक भाग मोकळा असतो. पीएच ८ असेल तर वीसातला एक. म्हणजे नळाच्या ७.८ च्या पाण्यात थोडासा अमोनियाही माशांना भारी पडत होता, म्हणून ते वर येत होते. आम्ल घातल्यावर त्यांना काही काळ बरं वाटलं असेल, आणि आम्हाला वाटलं औषध लागू पडलं. शेवटच्या सकाळी पाणी इतकं आंबट होतं की सगळा अमोनिया अमोनियमच्या रूपात गप्प बसला होता. त्यावर आम्ही नळाचं ताजं पाणी ओतलं, पीएच एका झटक्यात दोन अंक चढला, आणि निम्मं पाणी उपसूनही जो अमोनिया राहिला होता त्याचा मोकळा भाग कितीतरी पटींनी वाढला. करंजी आणि अनारसा पीएचच्या उडीने गेले की अमोनियाने, हे सांगता येणार नाही. दोन्ही आमच्याच बादलीतून आलं.

"पाणी बदललं आणि मासे मेले" ही तक्रार आपण किती वेळा ऐकतो! बदललेलं पाणी वाईट होतं असं नसतं. जुनं फार दिवस साचलेलं होतं. हल्ली हे ऐकलं की आम्ही आधी विचारतो, त्याआधी कधी बदललं होतं?

मेळ्यातल्या पिशव्यांचंही तेच. सकाळी आठला बांधलेल्या पिशवीत मासा संध्याकाळी पाचपर्यंत श्वास सोडत राहतो, त्या कार्बन डायऑक्साइडने पीएच खाली जातो, आणि साठलेला अमोनिया त्या आंबटपणात झाकून राहतो. घरी पिशवी उघडली, हवा लागली, पीएच चढला, झाकलेलं उघडं पडलं. त्यातून तो मासा गेला वाडग्यात, नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात. गोल्डफिशला लंडनचं जड पाणी खरं तर छान मानवतं, पण मोठ्या टाकीत आणि पिकलेल्या फिल्टरसकट. वीत-वीतभर वाढणारा, नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगणारा मासा आम्ही फुग्यासारखा वाटला.

मग करायचं काय? आमचं उत्तर काही जणांना आळशीपणाचं वाटेल : पीएचला हात लावू नका. बाटल्या आणू नका, ना खाली आणणाऱ्या, ना वर नेणाऱ्या. पुस्तकात निऑन टेट्रासमोर ६.५ लिहिलेलं असतं ते ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या ओढ्यांचं आहे; दुकानातले बहुतेक निऑन टेट्रा तिथून पकडून आणलेले नसतात, पैदास केंद्रात वाढलेले असतात, आणि साडेसातचं स्थिर पाणी त्यांना रोज खाली-वर होणाऱ्या ६.५ पेक्षा कितीतरी बरं. मोजायचंच असेल तर नळाचं पाणी पेल्यात २४ तास उघडं ठेवून मग मोजावं, कारण नळातून येताना त्यात वायू कमी-जास्त असतात. तो आकडा वहीत लिहावा आणि त्याच्याशी भांडू नये. चाचणीचा संच घेताना अमोनिया, नायट्राइट आणि क्षारता यांचा आधी घ्यावा, पीएचचा शेवटी. आमच्या मते नवशिक्याला पीएचचा संच आधी विकणं म्हणजे ताप मोजायला तराजू देणं.

फिल्टरचं काम पाणी गाळण्यापेक्षा मोठं आहे. त्याच्या स्पंजमध्ये जे जिवाणू वस्ती करतात ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस टाकी बिनमाशांची चालू ठेवायची, रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळतो, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकले की मग मासे. अर्थात आपल्या लोकांना यावर एक जवळचा रस्ता सुचायला हरकत नव्हती. आपण इथे आलो तेव्हा दही लावायला कुणाच्या तरी घरून विरजण आणलंच होतं की नाही? तसाच कोणाच्या तरी जुन्या, निरोगी टाकीतला फिल्टरचा स्पंजाचा तुकडा ओल्या पिशवीत आणायचा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवायचा. सहा आठवड्यांचे कधी कधी दोन होतात. अमोनिया मात्र तरीही मोजायचा. विरजण लागलं की नाही हे चमचा घालूनच कळतं.

तो स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नळाच्या पाण्यातलं औषध जिवाणूंना मारण्यासाठीच घातलेलं असतं, ते आपले-परके बघत नाही. घरून फोनवर सल्ला येतो, की पाणी रात्रभर बादलीत ठेवा, क्लोरीन उडून जाईल. क्लोरीन उडतं. पण इथे अनेक ठिकाणी क्लोरामाईन वापरतात, ते बादलीत दिवसभर ठेवलं तरी फारसं हलत नाही. त्यासाठी थायोसल्फेटची बाटली लागते, जुन्या फोटोवाल्यांचं हायपो ते हेच. सगळ्या बाटल्यांत तेवढी एक बाटली आम्ही घ्यायला सांगतो. आणि दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलायचं. त्यात अमोनियाचा आणि नायट्रेटचा साठा कमी होतो, आणि झिजलेली क्षारता परत भरून येते; कारण ते जिवाणू काम करताना क्षारता खात असतात. लंडनमध्ये ही भरपाई नळातूनच फुकट होते. जड पाण्याबद्दल आपण इतकी वर्षं केटल घासत कुरकुर केली, त्याचं हे एवढं तरी फळ घ्यावं.

मासाही पाणी बघून निवडावा. या पाण्यात सगळ्यांत सुखात राहतात ते गप्पी, प्लॅटी, मॉली. गप्पी म्हणजे आपले तेच, हिवताप विभागाची माणसं डासांच्या अळ्या खायला हौदात सोडायची ते. आमच्या लहानपणी चाळीच्या टाकीजवळ त्यांना बघत उभं राहण्यात सुट्टीचे दिवस जायचे. १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाची शाळेची सहल झाली, पण खरा मासा आम्ही पाहिला तो हौदातला. त्याला कोणी पीएचचे थेंब घातल्याचं आठवत नाही.

एक अपवाद सांगायला हवा, कारण हे वार्तापत्र उत्तरेकडेही टपालाने जातं. ग्लासगोला आमची मावसबहीण असते. तिची केटल तीन वर्षांनीही आतून लख्ख. ग्लासगोला १८५९ पासून लॉख कॅट्रिनचं पाणी येतं, ते डोंगरातलं, अगदी मऊ, जवळजवळ क्षार नसलेलं. तिच्या टाकीत कोणी आम्ल न घालताच दोन-तीन महिन्यांत पीएच घसरत जातो, कारण जिवाणूंना खायला क्षारताच पुरत नाही. तिथे क्षारता घालावी लागते. तिने फिल्टरमध्ये दिवेआगरहून आणलेले शिंपले धुऊन ठेवले आहेत; ते हळूहळू विरघळतात आणि पाणी सावरतं. घाई असेल तर खायचा सोडा. चहाचा एक सपाट चमचा, साधारण ५ ग्रॅम, १०० लिटरला घातला तर क्षारता लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅमने वाढते. आधी पेल्यात विरघळवून, दोन दिवसांत थोडा थोडा घालायचा. डबीवर बायकार्बोनेट ऑफ सोडा लिहिलेलं पाहून घ्या, बेकिंग पावडर नव्हे. लंडनमध्ये मात्र सोडाही नको आणि शिंपलेही नकोत. शिंपले शोभेला ठेवलेत तर चालतील, त्यांनी बिघडत काही नाही.

आता बैठकीतल्या प्रश्नाकडे. एक काका वडा खाता खाता म्हणाले, "एवढ्याशा माशासाठी एवढा उपद्व्याप? तीन पाउंडांचा तर मासा." काकांचा आम्ही आदर करतो. इथला कायदा मात्र माशाची किंमत विचारत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यानुसार सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही, आणि बरोबर मोठं माणूस नसलेल्या मुलाला तो बक्षीस म्हणून देणंही, थोडे अपवाद सोडले तर, गुन्हा आहे. स्कॉटलंडमध्ये तर बक्षीस म्हणून प्राणी देणंच बंद आहे. मासा पाठीच्या कण्याचा प्राणी, म्हणून तो कायद्यात येतो. आणि मुलाने आणलेल्या प्राण्याची जबाबदारी त्याच्या आईवडिलांवर असते. गेल्या वर्षी आमच्या स्टॉलवर आठ-दहा वर्षांची मुलं एकटीच रांगेत होती, आईवडील भेळेच्या रांगेत. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता आहे, आणि आता कार्यकारिणीलाही आहे.

कायदा नसता तरी आमचं मत हेच असतं. मुलांना मासे मिळू नयेत असं आम्ही म्हणत नाही. लेकीसाठी आम्ही जानेवारीत टाकी पुन्हा चालू केली. या वेळी विरजण मागून आणलं, पाच आठवडे नुसतं पाणी चालवलं, आणि अमोनिया मोजण्याचं काम तिच्याकडे दिलं. दर रविवारी ती नळीत थेंब टाकून रंग बघायची आणि वहीत पिवळा किंवा हिरवा खडू फिरवायची. तिसऱ्या रविवारी हिरव्याचा पोपटी झाला तेव्हा तिने आजीला फोन लावून सांगितलं. बिनमाशांच्या टाकीचा कंटाळा येईल अशी आम्हाला भीती होती, तो आला फक्त आम्हाला. आता सहा गप्पी आहेत, म्हणजे होते सहा. गप्पी सहावर थांबत नाहीत.

तेव्हा आमची सूचना अशी. "मासा जिंका" रद्द करावा आणि त्या जागी पाणी तपासण्याचं टेबल द्यावं. संच आम्ही आणतो, दोन मोठी मुलं मदतीला लागतील. ज्यांना टाकी सुरू करायची असेल त्यांना तिथेच आमच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मिळेल, फुकट. मात्र तो त्याच दिवशी चालू टाकीत ठेवायचा, त्यामुळे टाकी आधी भरून ठेवून यावं. नाताळच्या सुमारास ज्यांचा अमोनिया शून्यावर येईल त्यांना गप्पींची पिल्लंही देऊ, आईवडिलांच्या हातात. खजिनदार काकांचं नुकसान होऊ नये म्हणून तपासणीला बाटलीमागे एक पाउंड घ्यायला आमची हरकत नाही.

येताना स्वच्छ धुतलेल्या बाटलीत घरच्या नळाचं पाणी काठोकाठ भरून आणा. जिच्यात आधी लोणचं किंवा व्हिनेगर होतं अशी बाटली नको. बाटलीवर आपल्या पोस्टकोडचा पहिला भाग लिहा, आणि घरी फिल्टरचा जग वापरत असाल तर त्यातलं पाणी आणू नका, थेट नळाचं आणा.